नाशिकच्या सोसायट्यांच्या कार्यकारिणींना खुले पत्र : अकरा महिन्यांचा करार तिच्या नावावर होऊ द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार व कार्यकारिणी सदस्य,
सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था, नाशिक शहर.

स. न. वि. वि.

मीही एका सोसायटीची सभासद आहे. खजिनदारकीही करून झाली आहे. लिफ्टची एएमसी, गळकी टाकी, पार्किंगवरची भांडणं, मेंटेनन्स थकवून वर आपल्यालाच नियम शिकवणारे मेंबर, सगळं भोगलंय. कार्यकारिणीचं काम म्हणजे घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं, हे मला कोणी सांगायला नको. तरी हे पत्र तुम्हालाच लिहितेय. एका सुदानी आईला आणि तिच्या आठ वर्षांच्या मुलाला या शहरात भाड्याने घर मिळत नाहीये. पोलिसांची हरकत नाही. घरमालक तयार होतात. घोडं अडतं ते तुमच्या मीटिंगमध्ये.

तिचं नाव लिहीत नाही, कॉलेजचंही नाही. खाली माझं नावही सापडणार नाही, कारण माझ्यावरून तिच्यापर्यंत पोहोचणं नाशकात दहा मिनिटांचं काम आहे. (शहर वाढलं, उड्डाणपूल झाले; पण कोणाकडे कोण येतं-जातं हे गल्लीला अजून तोंडपाठ असतं.)

ती २०२२ मध्ये विद्यार्थी व्हिसावर पुढचं शिक्षण घ्यायला आली. मुलगा ओमदुरमानला आजीकडे, नवरा खार्टूममध्ये नोकरीला. ही दोन्ही शहरं नाईलच्या दोन काठांवर, मध्ये फक्त पूल. डिग्री घ्यायची, परत जायचं, घराजवळच्या हॉस्पिटलमध्ये लागायचं, असा साधा बेत होता. १५ एप्रिल २०२३ ला, रमजान संपत आलेला असताना, सुदानचं लष्कर आणि आरएसएफ नावाची निमलष्करी फौज खार्टूममध्ये एकमेकांवर तुटून पडली. दोन सेनापतींचं भांडण, आणि त्यापायी एक कोटीहून जास्त माणसं घरदार सोडून निघाली. आज जगातलं सर्वांत मोठं विस्थापन तिथलं आहे.

आपल्याकडे सुदान तेव्हा टीव्हीवर दिसला तो ऑपरेशन कावेरीमुळे. पोर्ट सुदानहून नौदलाच्या जहाजांनी आणि हवाई दलाच्या विमानांनी साडेतीन हजारांहून जास्त भारतीयांना जेद्दामार्गे सुखरूप घरी आणलं. कौतुकाचीच गोष्ट. आपली माणसं आली आणि बातमी संपली. हिची माणसं तिथेच होती. आजीने नातवाला घेऊन मिळेल त्या बसने इजिप्तची सीमा गाठली, आणि पुढे कैरोहून एका नातेवाइकाबरोबर तो आईकडे आला. आजी कैरोतच राहिली. नवऱ्याचा फोन कधी लागतो, कधी महिनोन्‌महिने लागत नाही.

सुदान म्हटल्यावर तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर काहीच येत नसणार. तुमच्या सोसायटीत एखादे निवृत्त कर्नलसाहेब असतील तर त्यांना विचारा. तोफखान्याच्या या गावात असतातच कोणी ना कोणी. खडकवासल्याला एनडीएची घुमटाची मुख्य इमारत आहे ना, तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर सुदानच्या बाजूने आपले जवान लढले, तिथेच पडले. त्यांच्या स्मारकासाठी सुदानने १९४१ मध्ये एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले आणि ते या इमारतीला लागले. पुढे १९५३ मध्ये सुदानची पहिली निवडणूक पार पाडून द्यायला गेले ते आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त, सुकुमार सेन. हे दुसरं मला तिच्याकडून कळलं. तिच्या वडिलांना सेनांचं नाव माहीत होतं म्हणे. मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि मला पत्ता नव्हता.

आता मीटिंगचं सांगते.

होस्टेल सुटल्यावर ती दोन मैत्रिणींबरोबर एका वन-आरकेमध्ये राहत होती. मुलगा आल्यावर तिथे मावेना. मग एजंटला धरून इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड पालथं घातलं. भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं, एकदा तर टोकनही देऊन झालं होतं. मग सेक्रेटरींचा फोन. "आमची काही हरकत नाही हो मॅडम, पण मीटिंगमध्ये विषय निघाला." हे वाक्य नाशिकच्या सोसायट्यांनी एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवलंय की काय, अशी मला शंका आहे. शब्दसुद्धा बदलत नाहीत.

एका कार्यकारिणीने निदान समोर बोलावलं, त्याबद्दल त्यांचे आभारच. क्लबहाउसमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॅरम. तिने पारदर्शक फोल्डर आणला होता, एकेका कप्प्यात एकेक कागद : पासपोर्ट, व्हिसा, मुदतवाढीच्या अर्जाची पोच, पोलिसांकडची नोंदणी, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचं पत्र, मार्कशीट, होस्टेलच्या रेक्टरांचं चारित्र्य प्रमाणपत्र. एका काकांनी विचारलं, घरी जेवायला काय करता? ती मराठीत म्हणाली, "ज्वारी, काका. भेंडी." दुसऱ्यांनी विचारलं, मिस्टर कुठे असतात? तिने सांगितलं. तिसरे काही बोलले नाहीत. फोल्डर चाळत अरबी मजकुराच्या पानावर थांबले आणि ते पान त्यांनी उलटसुलट करून बराच वेळ बघितलं. मुलगा कॅरमच्या सोंगट्या रंगवार लावत बसला होता. चहा झाला, बिस्किटं झाली. दुसऱ्या दिवशी फोन. लेडीज एकटी, त्यातून फॉरेनर, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?

काही झालं तर म्हणजे काय होईल, हे मी विचारलं. ते म्हणाले, तसं नाही हो, पण तरी.

जबाबदारी कोणाची हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. परदेशी माणसाला घरात ठेवलं की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, ज्याला लोक अजून 'सी फॉर्म'च म्हणतात. ती घरमालकाची जबाबदारी. भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे सक्तीची आहे आणि ती न केल्यास दंड किंवा कैद घरमालकालाच. पोलिस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्यायची तीही त्यानेच. सोसायटीने कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत फाईलला लावायची, बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून लागणारं) घ्यायचं आणि गप्प बसायचं. ते शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. २००१ चा सरकारी आदेश आहे. काही सोसायट्या किती घेतात ते मला माहीत आहे, पण तो आजचा विषय नाही. आदर्श उपविधी पुन्हा एकदा वाचा, फ्लॅट भाड्याने द्यायला सभासदाला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. तरी आपण एनओसी मागतो, इंटरव्ह्यू घेतो आणि त्याला पद्धत म्हणतो.

खरं तर तुमच्या इमारतीतल्या सगळ्या भाडेकरूंमध्ये सरकारला जिची सर्वांत जास्त माहिती असेल ती हीच बाई. तिची नोंद पोलिस आयुक्तालयात, तिची फाईल दिल्लीत, तिच्या बोटांचे ठसे व्हिसाच्या दफ्तरात. तिसऱ्या मजल्यावर ते चार बॅचलर राहतात, त्यांचा करार रजिस्टर झालाय का, हे एकदा कपाट उघडून बघा.

आता थोडं कायद्याचं, कारण मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच की या लोकांना इथे राहायचा हक्कच काय. निर्वासितांसाठी भारतात वेगळा कायदा नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आणि १९६७ च्या त्याच्या जोडपत्रावर आपण सही केलेली नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं सरकार स्वतः बघतं. बाकीच्यांची नोंद दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय, म्हणजे यूएनएचसीआर, करतं. नुसत्या त्या कार्डाने व्हिसा मिळत नाही हे खरं आहे. पण गृह मंत्रालयाने २०११ च्या डिसेंबरमध्ये कार्यपद्धती घालून दिली आहे. आपण निर्वासित आहोत असं कोणी सांगितलं की चौकशी करायची, जिवाला धोका खरा वाटला आणि सुरक्षेची पडताळणी झाली की दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस करायची. तो व्हिसा मिळाला की खाजगी नोकरी करता येते, शिकता येतं. ती सध्या याच रांगेत आहे. आणि जीविताचं रक्षण करणारं कलम २१ परदेशी माणसालाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. तिथे चकमांना हुसकावून लावायला निघाली होती ती स्थानिक संघटना, आणि न्यायालयाने राज्य सरकारला बजावलं की या लोकांचं रक्षण करा. सोसायटीची कार्यकारिणी इतकी मोठी नाही, मान्य. पण लोकांना नको आहेत म्हणून काढा, हा युक्तिवाद तिथे टिकला नाही, एवढं लक्षात असू द्या.

या सगळ्या रांगेत पहिल्या खिडकीवर काय विचारतात? पत्ता. कुठे राहता, करार दाखवा, मालकाने माहिती भरली का ते दाखवा. मैत्रिणीच्या खोलीत राहणाऱ्या बाईकडे स्वतःच्या नावाचा कागद नसतो. मुदतवाढीच्या अर्जाला राहत्या जागेचा पुरावा लागतो, चौकशीला येणाऱ्या हवालदाराला दार लागतं, बँकेला, गॅसला, सगळ्यांना तेच. पत्ता हा त्या सगळ्या कागदांचा पहिला टाका आहे. तो पडला की पुढची शिवण आपोआप होत जाते. तिला मदत म्हणून लोकांनी काय काय दिलं सांगू? कपड्यांच्या पिशव्या, दिवाळीचा फराळ, जुना मिक्सर, एका मंडळाने तर शाल-श्रीफळ आणि फोटो. तिने सगळं हसून घेतलं. फोटो तेवढा टाकू नका म्हणाली, तो मंडळाला जरा अपमान वाटला. यातल्या कशानेही तिचा अर्ज एका टेबलावरून पुढच्या टेबलावर गेला नाही.

मुलाची शाळा हे वेगळंच प्रकरण. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलासाठी आहे; वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयाला शोभेल त्या वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, हे त्यात लिहिलेलं आहे. लहान मुलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर तर भारताने १९९२ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली आहे, आणि त्यात निर्वासित मुलांसाठी स्वतंत्र कलम आहे. पण प्रत्यक्षात मुख्याध्यापक पहिलं विचारतात ते आधार. त्यांचीही अडचण मी समजू शकते. आपल्याकडे संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरवणं, आधार जुळलेल्या पटावर होते. आधार नसलेलं पोर वर्गात बसलं तरी शिक्षकांच्या पदांसाठी मोजलं जात नाही. वाईट मुख्याध्यापक त्याला 'बघू' म्हणतात. चांगले मुख्याध्यापक आत बसवतात आणि मग वर्षभर ऑनलाइन माहिती भरताना कपाळावर हात मारतात. याला दुसऱ्या प्रकारचे भेटले. त्यांनी एकच अट घातली : घर जवळ घ्या, पोरगं दोन रिक्षा बदलून येतं आणि पहिल्या तासाला पेंगतं. म्हणजे शाळाही शेवटी तुमच्याच दारात येऊन थांबली.

संध्याकाळी तो माझ्याकडे अभ्यासाला येतो. मला आजी म्हणतो, त्याची आई काकू म्हणते. पहिल्या दिवशी बेरीज घातली, तीन अधिक दोन. त्याने पाटीवर गोल काढला. मी म्हटलं, शून्य कसं रे? पुन्हा मोज. त्याने बोटांवर मोजलं, पाच बोटं मला दाखवली आणि पुन्हा गोलच काढला, या वेळी जरा दाबून. त्यांच्याकडे शाळेत अरबी आकडे, त्यात पाच असाच लिहितात, गोल. शून्य म्हणजे नुसता टिंब. पोरगं बरोबर होतं. हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला, कारण त्याला मराठी येत नव्हतं आणि मला अरबी. आता आम्ही पाटीच्या मधोमध रेघ मारतो, एका बाजूला त्याचे आकडे, दुसऱ्या बाजूला आपले. त्याचं अक्षर उजवीकडून डावीकडे पळायचं ते आता वळणावर आलंय. खाली पोरांबरोबर क्रिकेट खेळताना मात्र त्याला कसलीच शिकवणी लागली नाही. "एऽ वन टप्पा आउट रे!" हे त्याचं पहिलं अस्खलित मराठी वाक्य.

स्वयंपाकाच्या वासावरून कोणाला काही म्हणायचं असेल तर तेही ऐका. त्यांच्याकडे किसरा करतात. ज्वारीचं पीठ पातळ कालवून रात्रभर आंबवायचं, सकाळी तापल्या तव्यावर ओतून पट्टीने झरझर पसरायचं आणि कडा सुटल्या की हाताने उचलायचं. घावनापेक्षाही पातळ, मागे हात धरला तर बोटं दिसावीत इतकं. आंबट वास येतो, आपल्या आंबिलीला येतो तसाच. तिच्याकडे पसरायची ताडपत्राची पट्टी नव्हती. माझी कणीक खरवडायची प्लॅस्टिकची चकती तिने उचलली आणि त्यावर भागवलं. सोबत वाळवलेल्या भेंडीची पूड घालून केलेलं कालवण. रविवार कारंज्यावरच्या दुकानात ज्वारी हातात घेऊन दाणा दाताखाली फोडून बघते आणि मग भाव करते. आमच्या शेजारच्या देशमुखीण बाईंना ती तिथेच एकदम आवडून गेली.

मीटिंगमध्ये आणखी एक जण म्हणतो, आधी आपल्या माणसांचं बघा, मग बाहेरच्यांचं. या म्हणण्याला मी हसत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरून पोटासाठी आलेली माणसं सकाळी मजूर नाक्यावर उभी असतात, त्यांची पोरं शाळा सोडून बांधकामावर झोपतात, हे मला दिसतं. पण क्षमा करा, त्यांना तरी तुम्ही फ्लॅट देता का? सुरगाण्याहून शिकायला आलेल्या आदिवासी मुलींना? नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईला? विशिष्ट आडनावाच्या माणसाला, ज्याच्या सात पिढ्या जुन्या नाशकात गेल्या? याच मीटिंगमध्ये त्यांचाही विषय असाच निघतो. तेव्हा आपल्या माणसांच्या आड लपून तिला नकार देऊ नका. दार एकच आहे, ते तिला उघडलं तर त्यांनाही उघडेल.

आणि हे शहर असल्या कामाला नवखं आहे असंही नाही. शरणपूर रोडने तुम्ही रोज जाता-येता. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे वसाहत केली, आणि अरबी समुद्रात ब्रिटिश नौदलाने गुलामांची गलबतं पकडली की त्यातली पूर्व आफ्रिकेतली पोरं मुंबईहून तिथे आणून ठेवली जात. सुतारकाम, लोहारकाम, लिहायला-वाचायला शिकवलं जाई. मिशनऱ्यांचा हेतू धर्म वाढवण्याचा होता, मला ठाऊक आहे. त्या पोरांना विचारून काही झालं नव्हतं, तेही ठाऊक आहे. तरी डोक्यावर छप्पर या गावाने दिलं. १८६६ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकची मुलं होती. तो तिकडे वारल्यावर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत इथे शिकलेला जेकब वेनराइट होता. १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांतही तो होता. दुसऱ्या वर्षी मोंबासाजवळ मुक्त झालेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसवलं गेलं, तेव्हा ते उभं करायला इथून माणसं गेली. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. आफ्रिकेतलं लेकरू नाशकात वाढलं, शिकलं आणि आपल्या पायावर उभं राहिलं, हे दीडशे वर्षांपूर्वी घडून गेलंय. तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये असं कधी झालं नाही, हे कारण निदान या रस्त्यावरच्या सोसायट्यांनी देऊ नये.

देवळालीचं तर आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेलं. फाळणीनंतर सिंधहून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या कुटुंबांना लष्कराच्या बराकींत ठेवलं होतं. आज त्यांच्या नातवंडांच्या दुकानातून आपण लग्नाचा बस्ता घेतो, आणि तुमच्यापैकी काही अध्यक्षसाहेब त्याच घरांतले आहेत. त्यांनी घरी विचारावं, बराकीतून बाहेर पडून पहिली खोली कोणी दिली होती. थंडी पडली की आपण तिबेटियन मार्केटला स्वेटर घ्यायला जातो, तिथे कोणाला त्यांचे कागद विचारलेले मी ऐकले नाहीत. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलंच. त्यांचे पुरुष युद्धावर होते. कोल्हापूरकर आजही ते अभिमानाने सांगतात. आपण काय सांगणार आहोत?

सिंहस्थ तोंडावर आहे. २०२७ मध्ये लाखो माणसं गोदेवर येणार, त्यांच्या राहण्याची सोय कशी करायची यावर बैठकांवर बैठका चालल्या आहेत. पर्वणीला फ्लॅट भाड्याने देऊन चार पैसे सुटतील का, अशी चर्चा आमच्याच ग्रुपवर रंगली होती. त्या माणसांचा कोणी इंटरव्ह्यू घेणार नाही. पुरुष, अनोळखी, गटाने आलेले, चार रात्रींचे. त्यावर कोणी हरकत घेतलेली नाही. एक आई आणि एक पोरगं अकरा महिने राहतो म्हणतात, त्यावर दोन तास चर्चा होते.

माझी मागणी फार नाही. तीस सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावीच लागते. तिच्या विषयपत्रिकेत भाडेकरूंचा विषय घ्या आणि ठराव करा, की ज्याचा करार नोंदलेला आहे आणि ज्याची माहिती पोलिसांना दिलेली आहे त्याला देश, धर्म, लग्न झालंय की नाही, यावरून अडवणार नाही. इंटरव्ह्यू घ्यायची हौस असेल तर सगळ्यांचा घ्या, विकत घेणाऱ्यांचासुद्धा. घरमालकाला सी फॉर्म भरता येत नसेल तर सोसायटीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला त्याच्या शेजारी बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे. ती आली की पाण्याची वेळ, कचऱ्याची गाडी कधी येते, कोणता डॉक्टर रविवारी असतो, एवढं सांगा. तिच्या पोराला गणपतीच्या नाचात घ्या. तो आधीच सराव करतोय. भाडं ती वेळेवर देते, आधीच्या मालकाला विचारून खात्री करा, नंबर मी देईन. डिपॉझिट कमी करा असंही मी म्हणत नाही.

ज्यांना हे जमेल त्यांनी आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तसं लावा. पाथर्डी फाट्यापासून त्याच्या शाळेच्या वाटेवर कुठलीही वन-बीएचके चालेल, तळमजला असेल तर बरं. चौथ्या मजल्याचीही तक्रार नाही.

आणि ज्यांना नाहीच म्हणायचंय, त्यांनी ते फोनवर म्हणू नये. सोसायटीच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून, सचिवांच्या सहीनिशी कारण लिहा आणि ठरावाला सूचक-अनुमोदक कोण ते नावासकट लिहा. 'विषय निघाला' चालणार नाही. कोणी काढला ते हवं. सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात जायला मला मोकळा वेळ भरपूर आहे. मी निवृत्त आहे.

आपली,
एक सभासद आणि माजी खजिनदार,
गंगापूर रोड परिसर, नाशिक